पिक अप: उचलणे, लागणे, धरणे

अंबाजोगाईतल्या माझ्या संध्याकाळच्या वर्गातला एक मुलगा पुण्याला मुलाखतीला गेला होता. बी.कॉम. झालेला, हिशेबात पक्का. समोरच्या बाईंनी त्याचं दडपण कमी व्हावं म्हणून सोपा प्रश्न विचारला, ‘व्हेअर डिड यू पिक अप युअर इंग्लिश?’ त्याच्या कानात ‘पिक अप’ एवढंच ठळक शिरलं. आदल्या रात्री ट्रॅव्हल्सवाल्यानं तीनदा फोन करून पिकअप पॉइंट विचारला होता. त्यानं उत्तर दिलं, ‘अंबाजोगाई बस स्टँड, मॅडम.’ बाई क्षणभर थांबल्या आणि पुढच्या प्रश्नाकडं वळल्या. त्यानंतर त्याचं चित्त काही थाऱ्यावर आलं नाही.

परत आल्यावर त्यानं मला सगळं सांगितलं तेव्हा मला वाईट वाटलं, कारण चूक माझी होती. मी वर्गात ‘पिक अप म्हणजे उचलणे’ असं फळ्यावर लिहून पुढं गेलो होतो. शब्दकोशात या जोडशब्दाखाली डझनभराहून जास्त अर्थ आहेत, आणि मी त्याच्या हातात एकच दिला होता. ते सगळे पाठ करायची मात्र गरज नाही. आपल्या मराठीतली तीन क्रियापदं, उचलणे, लागणे आणि धरणे, हाताशी असली की बहुतेक अर्थ त्यांच्यात मावतात. इंग्रजी बोलायला नुकतीच सुरुवात करणाऱ्यांनी खालच्या क्रमानं जावं, घाई करू नये.

पहिली पायरी: तोंडात आधीच असलेले पिकअप मोजा

एक वही घ्या आणि मराठी बोलताना आपण हा शब्द कुठं कुठं वापरतो ते लिहा. गावाच्या फाट्यावर एसटीची वाट बघत जिथं बसतो ते पिकअप शेड. भाजी, सोयाबीनची पोती, लग्नाची भांडी नेणारी मागून उघडी गाडी म्हणजे पिकअप. मोटारसायकल चढावर दम टाकायला लागली की मेकॅनिक म्हणतो, ‘पिकअप कमी झालाय.’ ट्रॅव्हल्सचा पिकअप पॉइंट तर घरोघरी माहीत आहे, कारण घरटी एक लेकरू पुण्याला आहे.

यातली उघडी गाडी अमेरिकेतही पिकअपच, आणि पिकअप पॉइंट कुठंही समजतो. पिकअप शेड मात्र आपल्याकडचं आहे, बाहेरच्या माणसापुढं ‘बस स्टॉप’ म्हणा. इंजिनाच्या पिकअपला ‘ॲक्सिलरेशन’ म्हटलं तर कुणाला अडचण येत नाही.

हे सगळे पिकअप नामं आहेत. नाम असतं तेव्हा तो एकच शब्द लिहितात आणि बोलताना जोर ‘पिक’वर देतात. क्रियापद असतं तेव्हा दोन शब्द होतात आणि जोर ‘अप’वर सरकतो. दोन्ही मोठ्यानं म्हणून बघा, फरक जिभेला कळेल. मुलाखतीतल्या प्रश्नात ‘डिड यू’च्या मागोमाग आलेला पिक अप क्रियापद होता. म्हणजे बाई जागा विचारत नव्हत्या, तू काय केलंस आणि ते कुठं केलंस असं विचारत होत्या. ‘यू’, ‘आय’, ‘शी’, ‘दे’ यांच्या मागं हा शब्द आला की गाडीचं चित्र डोक्यातून काढून टाका आणि पुढचा शब्द ऐका.

दुसरी पायरी: ‘अप’ काय करतो ते कापसात बघा

एकटा ‘पिक’ म्हणजे निवडणं, किंवा झाडावरचं खुडणं-तोडणं. आपल्या शेतातल्या पिकाशी त्याचा काही संबंध नाही, त्याला ‘क्रॉप’ म्हणायचं.

दिवाळीच्या आगेमागे परभणी-जालन्याकडं कापसाची वेचणी चालू असते. बाई कमरेला ओटी बांधून तासातून पुढं सरकते, उमललेल्या बोंडात बोटं घालते, कापूस ओढून ओटीत टाकते. याला इंग्रजीत म्हणायचं, ‘शी इज पिकिंग कॉटन.’ इथं अप नाही. मध्येच एखादं बोचकं हातातून निसटतं, किंवा रात्रीच्या वाऱ्यानं कापूस लोंबून मातीत पडलेला असतो. शेजारच्या तासातली म्हातारी ओरडते, ‘खालचा बी उचल गं माय, पाला झटकून टाक.’ ती वाकते, कापूस उचलते, फुंकर मारून पाचोळा उडवते. आता म्हणायचं, ‘शी पिक्ड अप द कॉटन.’

मराठीत दोन्हीला वेचणे चालतं. बोरं वेचतो, फुलं वेचतो, कापूसही वेचतो. इंग्रजी मात्र वस्तू कुठं आहे ते बघतं. झाडावरून हातात आली तर पिक, जमिनीवरून वर आली तर पिक अप. चढून उतरवलेला आंबा आणि गळून पडलेला आंबा यांतही हाच फरक. खाली काहीतरी होतं, ते वर आलं, ही एवढी हालचाल डोळ्यांपुढं ठेवा. पुढचे अर्थ हिच्यातूनच फुटले आहेत.

तिसरी पायरी: जिथं ‘उचलणे’ चालतं

हे घर सोपं आहे, त्यामुळं पटकन फिरून येऊ. फोन उचलत नाही: ‘ही इजन्ट पिकिंग अप.’ इथं आपल्याकडं बरेच जण ‘लिफ्ट’ म्हणतात. तसं म्हणू नका, लिफ्टनं वजन उचलतात. पोलिसांनी उचललं: ‘द पोलिस पिक्ड हिम अप.’ जेवणाचा खर्च मामानं उचलला: ‘माय अंकल पिक्ड अप द बिल.’ पोरीनं अभंगाची चाल लगेच उचलली: ‘शी पिक्ड अप द ट्यून क्विकली.’ शब्दाला शब्द जुळतो, इंग्रजी जणू मराठीतच बोलतंय. सहा वाजता तुला घ्यायला येतो, हेही याच घरातलं: ‘आय विल पिक यू अप ॲट सिक्स.’ यात बहुतेक वेळा गाडी गृहीत असते.

याच घरात एक जड वाक्प्रचार आहे, ‘पिक अप द पीसेस’. फुटलेल्याचे तुकडे गोळा करणं, म्हणजे मोठ्या आघातानंतर पुन्हा उभं राहणं. मराठवाड्यात हा अर्थ समजावून सांगायला पुस्तक लागत नाही. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे, गणपती विसर्जनाची रात्र सरता सरता, किल्लारी-सास्तूर परिसरात भूकंप झाला. दगडमातीची घरं झोपलेल्या माणसांवर बसली. त्यानंतर नव्या जागी गावं वसली, उरलेल्या माणसांनी पुन्हा पेरणी केली, लेकरांना शाळेत घातलं. ‘दे पिक्ड अप द पीसेस.’ हा वाक्प्रचार किरकोळ नुकसानीला वापरू नका. मोबाइलची काच फुटली म्हणून तो शोभत नाही.

आता उलटी खबरदारी. जिथं जिथं मराठीत ‘उचल’ आहे तिथं तिथं पिक अप लावता येत नाही. दसऱ्याच्या सुमाराला बीडकडचे ऊसतोड कामगार मुकादमाकडून उचल घेऊन कारखान्याकडं निघतात. ती उचल म्हणजे ‘ॲडव्हान्स’. मागणी उचलून धरली म्हणजे ‘सपोर्ट’ केलं. हात उचलला म्हणजे ‘रेज’ केला. विडा उचलला म्हणजे काम अंगावर घेतलं, त्याला ‘टेक अप’ जवळचं. अधिकाऱ्याची उचलबांगडी झाली, तर ‘ट्रान्सफर’ एवढं म्हणून गप्प बसावं.

चौथी पायरी: जिथं ‘लागणे’ बसतं

बहुतेक जण इथं अडखळतात, आणि तो मुलगाही इथंच अडखळला होता. म्हणून ही पायरी दोनदा वाचा.

मराठीत सवय लागते, नाद लागतो, वळण लागतं, रोगाची लागण होते, एखादी वस्तू हाती लागते, खाल्लेलं अंगी लागतं. या सगळ्यांत एक गोष्ट समान आहे. माणसानं मुद्दाम खटाटोप केलेला नाही, त्या गोष्टीच्या सहवासात राहिला आणि ती त्याला चिकटली. पिक अपचा दुसरा मोठा अर्थ नेमका हाच. भाषा, सवय, आजार, बातमी, रस्त्यात सहज घेतलेली भाजी, सगळं यात येतं.

‘ही पिक्ड अप द हॅबिट ऑफ च्युइंग टोबॅको इन द हॉस्टेल.’ वसतिगृहात त्याला तंबाखूची सवय लागली.
‘शी पिक्ड अप ॲन इन्फेक्शन.’ तिला संसर्ग झाला. सर्दीला मात्र ‘कॅच’ जास्त रुळलेला आहे.
‘कॅन यू पिक अप सम मिल्क ऑन द वे?’ येताना दूध आणशील का? हा प्रश्न कुणी विचारला तर दूध जमिनीवर सांडलंय असं समजू नका.

आता वाक्याची घडण बघा. मराठीत म्हणतो, ‘मला सवय लागली.’ कर्तेपण सवयीकडं आहे, मी ‘मला’ होऊन बाजूला उभा आहे. इंग्रजीत तोच माणूस कर्ता होतो, ‘आय पिक्ड अप द हॅबिट.’ नवशिके ‘द हॅबिट पिक्ड अप मी’ असं बोलून जातात, कारण डोक्यात मराठी वाक्याचा साचा पक्का असतो. म्हणून एक नियम करा. मराठी वाक्यात ‘मला’, ‘तिला’, ‘त्याला’ आणि पुढं ‘लागलं’ दिसलं, तर आधी त्याचं ‘मी’, ‘ती’, ‘तो’ करा आणि मगच इंग्रजी बोला. हा बदल रोज पाच वाक्यांवर करून बघा, आठवड्यात हात बसतो.

भाषेचं उदाहरण आपल्या मातीत भरपूर आहे. मराठवाडा १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होता. कचेरीचा कारभार उर्दूत चाले, आणि हैदराबादचं उस्मानिया विद्यापीठ १९१८ साली उभं राहिलं ते उर्दू माध्यमातूनच शिकवायला. शाळेत जे उर्दू शिकले त्यांच्याबद्दल ‘दे लर्न्ट उर्दू ॲट स्कूल’ म्हणायचं. पण शाळेचं तोंड न पाहिलेले कितीतरी जण बाजारात, कचेरीच्या पायरीवर, शेजारच्या मुसलमान कुटुंबात बसून-उठून दखनी बोलायला लागले. त्यांच्यासाठी, ‘दे पिक्ड अप दखनी.’ अजिंठ्याच्या पायथ्याशी दगड-स्फटिक विकणारी माणसं परदेशी पाहुण्यांशी त्यांच्या भाषेत चार शब्द बोलतात, तेही असंच. लर्न म्हणजे बसून शिकणं, पिक अप म्हणजे कानावर पडत पडत अंगी लागणं.

त्यामुळं अर्जात किंवा बायोडेटात जपून. सहा महिन्यांचा टॅलीचा कोर्स केला असेल तर ‘लर्न्ट’ किंवा ‘कम्प्लीटेड’ लिहा. ‘पिक्ड अप’ लिहिलंत तर प्रमाणपत्र नाही, असंच-तसंच शिकलाय, असा वास येतो. बोलण्यात मात्र तो अगदी आपुलकीचा शब्द आहे.

याला लागूनच ‘पिक अप ऑन’ आहे. लातूरला नीटच्या तयारीसाठी ठेवलेल्या लेकराचा फोन येतो. ‘बरंय गं आई, सगळं बरंय,’ तो म्हणतो. आई दोन सेकंद थांबते आणि विचारते, ‘जेवलास का रे?’ लेकरू काहीच बोललेलं नाही, आईनं आवाजावरून हेरलं. ‘शी पिक्ड अप ऑन इट.’ न बोललेलं ओळखणं, बारीकसा बदल टिपणं, असा तो अर्थ. हे ‘ऑन’ विसरलात तर अर्थ बदलतो.

पाचवी पायरी: जिथं ‘धरणे’ बसतं

देवगिरी एक्सप्रेस परभणी स्टेशनातून हलते, फलाट सरतो, डब्यांचा आवाज जवळजवळ येत जातो. गाडीनं वेग धरला. ‘द ट्रेन पिक्ड अप स्पीड.’ वाऱ्यानं जोर धरला, ‘द विंड पिक्ड अप.’ या दुसऱ्या वाक्यात अपच्या पुढं काहीच नाही, हे ध्यानात घ्या. कुणी काही उचललं नाही, जे मंद होतं ते आपण होऊन वर आलं.

धंदा, मागणी, तब्येत यांनाही हेच लागू. ‘बिझनेस इज पिकिंग अप.’ यात एक बारकावा आहे. हा शब्द आधीची मंदी गृहीत धरतो. लातूरच्या आडतीत सोयाबीनचा भाव बरेच दिवस पडलेला होता आणि आता सावरतोय, तर ‘द मार्केट इज पिकिंग अप’ शोभतं. भाव आधीच चढा होता आणि आणखी चढला, तर ‘गो अप’ म्हणा. आजारातून उठणाऱ्या माणसाला ‘ही इज पिकिंग अप’ म्हणता येतं, धडधाकट माणसाला नाही. हा बारकावा जो पाळतो, त्याचं इंग्रजी ऐकणाऱ्याला चटकन पटतं.

रेडिओनं स्टेशन पकडलं, तेही पिक अपच: ‘अवर ओल्ड रेडिओ पिक्स अप परभणी.’ भूकंपमापकानं धक्का पकडला, कुत्र्यानं वास पकडला, सगळे याच घरात.

आणि राहिला ‘पुढं धरणे’. गावात सप्ताह बसतो, ज्ञानेश्वरीचं पारायण चालतं. आज जिथं वाचन थांबलं तिथं खूण घालतात आणि उद्या सकाळी त्याच ओवीच्या पुढून धरतात. ‘वी पिक अप व्हेअर वी लेफ्ट ऑफ.’ ऑफिसच्या मीटिंगमध्ये हा अर्थ फार येतो. साहेब म्हणाले, ‘लेट्स पिक धिस अप टुमारो,’ तर कुठलं पार्सल घ्यायला जायचं नाही, विषय उद्या पुढं न्यायचा आहे. पहिल्या नोकरीत हे वाक्य महिन्याभरात कानावर पडणारच.

सहावी पायरी: ‘इट’ची जागा

वस्तूचं नाव असेल तर दोन्ही चालतं: ‘पिक अप द बॅग’, ‘पिक द बॅग अप’. पण ‘इट’, ‘हिम’, ‘हर’, ‘देम’ असेल तर ते मध्येच बसतं. ‘पिक इट अप’ बरोबर, ‘पिक अप इट’ चूक. यावर वाद नको, तोंडी दहा वेळा म्हणा. ‘पिक अप ऑन’ हा मात्र फुटत नाही, त्यात ‘इट’ शेवटी: ‘पिक अप ऑन इट’.

सातवी पायरी: कान तयार करा

कागदावर कळलेला पिक अप कानाला कळेलच असं नाही. बोलताना शब्द एकमेकांत मिसळतात. ‘पिक्ड अप’ हे ‘पिक्टप’ असं ऐकू येतं, ‘पिक इट अप’ हे ‘पिकिटप’. आपण वर्गात ‘पिक्-केड’ असं फोडून शिकतो आणि मग बातम्यांत ‘पिक्टप’ आलं की ओळखत नाही. मी वर्गात इंग्रजी समालोचन लावतो. ‘पिक्ड अप अ विकेट’ दर चार-दोन षटकांनी येतंच. विकेट मिळवली, हाती लागली, म्हणजे चौथ्या पायरीचं घर. पोरांना हे सांगावंही लागत नाही.

इथं एक सावधगिरी सांगितली पाहिजे, विशेषतः ऑफिसात बोलताना. एखाद्या अनोळखी मुलीबद्दल किंवा मुलाबद्दल ‘ट्राइड टु पिक हर अप’ म्हटलं तर ओळख वाढवून सलगी करायचा प्रयत्न केला, असा अर्थ होतो. सहकारी बाईंना स्टेशनवरून आणायचं असेल तर जागा आणि काम सांगून टाका, ‘आय विल पिक हर अप फ्रॉम द स्टेशन.’ जागा आली की गैरसमज राहत नाही.

आठवी पायरी: आठवडाभराचा सराव

वहीच्या पानावर तीन रकाने आखा: उचलणे, लागणे, धरणे. सात दिवस पिक अप जिथं दिसेल, ऐकू येईल, तिथून वाक्य उतरवा आणि त्याच्या रकान्यात टाका. रकाना ठरवताना एकच प्रश्न विचारा: पिक अपच्या पुढं काय आहे? हातानं उचलता येणारी वस्तू, माणूस किंवा बिल असेल तर पहिला रकाना. भाषा, सवय, आजार, दूध असेल तर दुसरा. वेग, विषय, सिग्नल असेल किंवा पुढं काहीच नसेल तर तिसरा. फोनचं ‘ही इजन्ट पिकिंग अप’ याला अपवाद, तिथं फोन हा शब्द गिळलेला असतो. काही वाक्यं दोन रकान्यांत बसतील, अभंगाची चाल उचलली का अंगी लागली, असा पेच पडेल. पडू द्या, अशा वाक्यांवर मित्राशी बोला.

तिन्हींत न बसणारं वाक्य आलं तर ते पानाच्या तळाशी वेगळं लिहा. ‘पिक अप युअर रूम’ हे तसलं एक. अमेरिकेत याचा अर्थ खोली आवरणं.

तो मुलगा दीड महिन्यानं दुसऱ्या मुलाखतीला गेला. निघायच्या आदल्या संध्याकाळी आम्ही दोघं वर्गात बसलो आणि त्याच प्रश्नाचं उत्तर तयार केलं. प्रश्नात ‘युअर इंग्लिश’ आहे, म्हणजे दुसरा रकाना. ‘मला इंग्रजी लागलं’चं ‘मी’ केलं. इंग्रजीचं ‘इट’ झालं आणि मध्ये बसलं. मग खरं काय ते त्यानंच सांगितलं. लहानपणापासून आजोबांच्या रेडिओवर तो क्रिकेटचं समालोचन ऐकायचा. ‘आय पिक्ड इट अप फ्रॉम क्रिकेट कमेंट्री, ऑन माय ग्रँडफादर्स रेडिओ,’ तो म्हणाला, आणि ‘पिक्ड इट अप’ त्यानं एका दमात, ‘पिक्टिटप’ असं म्हटलं.